दिलेला शब्द
(दांपत्य मेळाव्यात केलेले भाषण)



एटापल्ली, भामरागड, धानोरा या भागांतल्या गावांत गेलो की बहिणी मला एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. "आमचं लग्न गोंडी रीतीनं झालं. मी प्रभूकडे आले, घरचा माणूस आला नाही. देवापुढे आमचं लग्न खरं आहे का?"

खरं आहे. पवित्र शास्त्रात विवाहाचा आरंभ एदेन बागेत होतो. तेव्हा मंडळी नव्हती, पाळक नव्हता, रजिस्टरही नव्हते. गावाच्या साक्षीने एकमेकांना दिलेला शब्द बाप्तिस्म्याच्या पाण्याने पुसला जात नाही. पौलाने करिंथच्या मंडळीलाही हेच शिकवले: सोबती विश्वासात नसला, पण नांदायला राजी असला, तर त्याला सोडू नये.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण घ्या. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. धर्मांतरामुळे जोडीदार सोडून गेल्यास लग्न मोडून घेण्याची सोय १८६६च्या कायद्याने केलेली होती. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. टिळकांनी सक्ती केली नाही. पुढे १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला.

म्हणून कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे, विश्वासाच्या नावाखाली कोणाचा संसार मोडू नका. घरचा माणूस गावच्या पंडुमला गेला, तर बहिणीला त्याच्याशी भांडायला शिकवू नका. मात्र मार खात राहणे म्हणजे निष्ठा, असेही सांगू नका. करार दोघांनी पाळायचा असतो. जिथे मारहाण आहे, तिथे आधी त्या बहिणीला आणि लेकरांना सुरक्षित जागी न्या.

आणि भावांनो, ख्रिस्ताने मंडळीवर प्राण देऊन प्रीती केली. नवऱ्याच्या प्रीतीला शास्त्राने तेच माप लावले आहे. मोहफूल आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात दोघेही रानात राबता. घरी आल्यावर पाण्याचा हंडा मात्र तिच्याच डोक्यावर का? तो तुम्ही उचला. तुमच्या घरची बाई अजून विश्वासात नसेल, तर तिला तुमच्या उपदेशाआधी तो हंडा दिसेल.

वाचकहो, जिथे एकच जण उपासनेला येतो, अशा घरांसाठी नाव घेऊन प्रार्थना करा. प्रभू आपल्या सर्वांच्या संसारांना आशीर्वाद देवो. आमेन.