सावळ्या बालकाची कावीळ
(ग्रामसभेतील भाषणाचा मजकूर)



नवजात बालकास कावीळ होणे ही नवलाची गोष्ट नव्हे. पूर्ण दिवसांच्या शंभरांपैकी सुमारे ६० आणि अपुऱ्या दिवसांच्या शंभरांपैकी सुमारे ८० बालकांत ती पहिल्या आठवड्यात दिसते. रक्तातील तांबड्या पेशी फुटून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते आणि बालकाच्या कोवळ्या यकृतास त्याचा निचरा त्वरेने करता येत नाही. बहुतेकांची कावीळ आपोआप ओसरते. परंतु हे द्रव्य फार वाढल्यास ते मेंदूत शिरते. मग बहिरेपण, हातापायांच्या हालचालींत कायमचा दोष, क्वचित मृत्यूही ओढवतो. झालेली हानी भरून येत नाही. ती टाळता मात्र येते.

गोऱ्या बालकाचा पिवळेपणा चटकन नजरेत भरतो. सावळ्या बालकाच्या त्वचेतील रंगद्रव्य तो झाकून टाकते आणि मोलाचे दिवस निघून जातात. म्हणून मूल दिवसाच्या उजेडात पाहावे. कपाळ किंवा छाती बोटाने हलकेच दाबून, बोट उचलताच त्वचेचा रंग न्याहाळावा. डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या अवश्य पाहाव्यात. तेथे कातडीचा रंग आड येत नाही. तथापि नजरेने कावीळ आहे एवढेच समजते, ती किती आहे हे समजत नाही.

ते अजमावण्यासाठी सुई न टोचता मोजणारे उपकरण आहे. जपानमधील यामानौची व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. कपाळावर किंवा छातीवर ते टेकविले की प्रकाश त्वचेत शिरून परततो. परतलेल्या प्रकाशाच्या रंगांवरून पिवळ्या द्रव्याचा अंदाज मिळतो. सावळ्या त्वचेवर हा आकडा रक्तातील प्रमाणाशी तंतोतंत जुळेलच असे नाही. पुष्कळदा तो अधिक येतो. म्हणून उपचाराच्या मर्यादेजवळचा आकडा आल्यास रक्त तपासलेच पाहिजे. 'सुई नको' म्हणून पालकांनी त्यास नकार देऊ नये.

उन्हात ठेवलेल्या बालकाची कावीळ उतरते, हे इंग्लंडमधील रॉचफर्ड रुग्णालयातील परिचारिका जीन वॉर्ड यांच्या १९५६ साली लक्षात आले. त्यातूनच निळ्या प्रकाशाचा उपचार पुढे आला. मग घरीच कोवळे ऊन का देऊ नये, असे कोणी विचारील. उन्हाची मात्रा मोजता येत नाही, उघडे बालक गारठते किंवा भाजते, आणि रुग्णालयात जाण्यास विलंब होतो, हे त्याचे उत्तर.

पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ, तळहात-तळपाय पिवळे होणे, दूध न ओढणे, सुस्ती, किंवा किंचाळल्यासारखे रडणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अंगावरचे दूध बंद करू नये. मंत्र-उतारा व झाडपाला यांत वेळ दवडू नये. आशा कार्यकर्ती तिसऱ्या व सातव्या दिवशी घरी येते, तेव्हा बालक तिला उजेडात दाखवावे. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये आजारी नवजात बालकावर शासकीय रुग्णालयात उपचार विनामूल्य होतात.

बालकाचा वर्ण कोणताही असो, त्याची बुद्धी आणि श्रवण राखणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.