भांडखोर माशांचा संसार



कामगार संघटनेचा माणूस माशांवर बोलणार, हे वाचून काही मंडळी केवळ कुतूहलाने आली असतील. त्यांचेही स्वागत आहे. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत आमच्या पुष्कळ सोबत्यांच्या घरी आज काचेची टाकी असते, आणि दिसायला देखणे म्हणून तिच्यात सिक्लिड मासे आणले जातात. महिन्याभरात त्यांतले निम्मे मेलेले असतात. त्याविषयी मला बोलावयाचे आहे.

सिक्लिड हे एका माशाचे नाव नव्हे, ते मोठे कुळ आहे. आफ्रिकेच्या मलावी सरोवरातील निळेपिवळे मासे त्यातले, दक्षिण अमेरिकेचा ऑस्कर त्यातला, आणि केरळात ज्याला करिमीन व गोव्यात काळुंदर म्हणतात, तोही त्याच कुळातला. आईबाप दोघे पिल्लांची राखण करतात, असे यांत पुष्कळ आहेत. मलावीची मादी तर अंडी तोंडात धरून सुमारे तीन आठवडे जवळजवळ उपाशी राहते.

मग हे भांडतात का? दुकानदार म्हणतो, स्वभावच तसा. (आमच्याविषयी मालकही हेच म्हणतात.) हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. भांडण असते जागेचे. नर एखादी कपार आपली मानतो, कारण तेथे त्याला संसार मांडावयाचा असतो. सरोवरात हरलेला मासा पळून जातो. दीड फुटांच्या टाकीत तो पळणार कोठे? फाटक्या परांनी कोपऱ्यात उभा राहतो आणि मरतो.

कोन्राड लोरेंझ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९६३ साली आक्रमकतेवर ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो, की नरमादी दोघेच टाकीत ठेवली तर शेजाऱ्यावर जावयाचा राग मादीवर उतरतो, आणि नर तिचा जीवही घेतो. मध्ये काच घालून पलीकडे दुसरे जोडपे ठेवले, की नर काचेवर धडका देतात आणि दोन्ही संसार चालतात. काचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासा झाला, की पुन्हा बायकोवर घसरतात! हा लोरेंझ एके काळी नाझी पक्षाचा सभासद होता, आणि माशांवरून माणसांविषयी काढलेली त्याची अनुमाने मला मान्य नाहीत. टाकीपुरते त्याचे ऐकावे.

टाकी निदान चार फूट लांब, दीड फूट रुंद व तितकीच उंच हवी. तिच्यात सुमारे २५५ लिटर पाणी मावते, म्हणजे वजन पाव टनाहून अधिक. जुन्या चाळीत वरच्या मजल्यावर ठेवण्यापूर्वी जमिनीचा विचार करावा. दगड असे रचावेत, की एका माशाला दुसरा सतत दिसू नये. नवा मासा सोडताना सगळे दगड हलवावेत, म्हणजे जुनी मालकी मोडते. मलावीचे तीनच मासे ठेवले तर दुबळ्याला एकट्याला मार बसतो. बारापंधरा ठेवले तर तो वाटला जातो. मात्र घाणही वाढते. जोरदार फिल्टर लावावा आणि आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे.

कपाळावर टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न नशीब उघडतो म्हणून विकतात. तो गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात मलेशियात संकराने तयार केलेला मासा आहे आणि बहुधा एकटाच ठेवावा लागतो. पगाराचे पैसे त्या टेंगळावर घालणाऱ्यांशी मी वाद घालतो.

कुर्ल्याच्या बाजारातून आणलेला बोटभर ऑस्कर फूटभर वाढतो, आणि मग त्याला मासुंद्याच्या किंवा उपवनच्या तलावात सोडावेसे वाटते. दया म्हणून सुचते, हे मी जाणतो. परंतु १९५२ साली अन्नासाठी म्हणून आपल्या देशात टिलापिया आणला, तोही सिक्लिडच. आज उजनीच्या धरणात त्याला चिलापी म्हणतात, आणि तेथे मूळच्या माशांना त्याने किती मागे सारले हे तेथील कोळीबांधव सांगतील. वाढलेला मासा परत घेण्याचे दुकानदाराकडून आधीच कबूल करून घ्यावे. तो कबूल नसेल, तर त्याच्याकडून ऑस्कर घेऊ नये.