बडीचा हसरा फोटो

(मंडळाच्या उन्हाळी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा संक्षिप्त भाग)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'छायाचित्रकार' छापलंय. ते वाचून घरची मंडळी पोट धरून हसली! मी आपली सुटीच्या दिवशी आमच्या गावातल्या प्राण्यांच्या शेल्टरमध्ये जाऊन कुत्र्यांचे फोटो काढते, एवढंच. आणि मूळची म्हणाल, तर सांगलीच्या वाड्यात वाढलेली. दारात कुत्रं आलं की आधी 'हाड', मग उरलेली भाकरी, असा आमचा शिरस्ता.

शेल्टरमधल्या कुत्र्याला घर मिळायचं तर लोक आधी फोटो बघतात. आपल्याकडे स्थळ बघताना होतं ना, तसंच. पत्रिका नंतर, फोटो आधी. पिंजऱ्याच्या गजांआडून, फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत बिचारा कुत्रा कैद्यासारखा दिसतो. लोक पुढच्या फोटोकडे वळतात. म्हणून चांगले फोटो काढायला स्वयंसेवक लागतात.

माझ्या पहिल्या काही कुत्र्यांत एक होता बडी. सहा-सात वर्षांचा, काळाभोर. काळ्या कुत्र्याचा फोटो अवघड असतो, बरं का! मागे पांढरी भिंत असली की कॅमेरा त्या उजेडाला भुलतो आणि कुत्र्याच्या जागी नुसता काळा डाग उमटतो. मी त्याला झाडाच्या सावलीत नेलं, मागे गर्द हिरवळ घेतली, मोकळ्या आकाशाचा उजेड डोळ्यांत चमकेल असं बसवलं. खेळणं वाजवलं, टाळ्या वाजवल्या, आणि काय सांगू! तोंड उघडं, जीभ बाहेर, कान मागे. असा छान हसरा फोटो आला! दोन लहान मुलांच्या कुटुंबाने तो पाहिला आणि त्याच आठवड्यात बडीला घरी नेलं. मी ऑफिसात पेढे वाटायचीच बाकी होते.

चौथ्या दिवशी बडी परत आला.

तो पलंगाखालून बाहेरच येत नव्हता, आणि धाकट्याने मिठी मारल्यावर गुरगुरला. त्या लोकांची काहीच चूक नव्हती. त्यांना खेळकर कुत्रा हवा होता आणि फोटोत तसाच दिसत होता.

तेव्हा माझी आई इथे आली होती. तिला मी तो फोटो दाखवला. चष्मा वर सरकवून ती म्हणाली, "अगं, हे हसतंय कुठलं? धापा टाकतंय. डोळ्यांचं पांढरं दिसतंय बघ. घाबरलंय ते."

'हाड' म्हणणारी माझी आई! पण सत्तर वर्षं मागच्या दारी कुत्री पाहिलेली. तिला जे एका नजरेत दिसलं, ते मला एवढ्या महागाच्या लेन्समधून दिसलं नव्हतं. ताणाखाली कुत्रं धापा टाकतं, ओठांचे कोपरे मागे ओढतं, कान पाडतं. आपण त्याला हसू म्हणतो. मी बडीचा फोटो काढलाच नव्हता. मला हव्या असलेल्या कुत्र्याचा काढला होता.

मग मी पद्धत बदलली. पहिल्या भेटीला कॅमेरा नेलाच नाही. त्याच्याकडे पाठ करून नुसती जमिनीवर बसले. रोखून बघणं म्हणजे कुत्र्याच्या भाषेत धमकी, आणि लेन्स हा तर भलामोठा न मिटणारा डोळा! दुसऱ्या भेटीला कॅमेरा बाजूला ठेवला, त्याला हुंगू दिला, भोवती खाऊ टाकला. संत नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले. मी चिकनचे तुकडे घेऊन बसून राहिले, एवढाच काय तो फरक! तिसऱ्या भेटीला त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, गवतात पालथी पडून फोटो काढले. फ्लॅश नाही, टाळ्या नाहीत. रोज त्याला फिरवणाऱ्या आजोबांच्या पायाला टेकून तो बसला होता. तोंड मिटलेलं, एक कान उभा, एक पडलेला, नजर जराशी बाजूला. हसरा मुळीच नाही. पण तो बडी होता. खाली आम्ही लिहिलं : 'ओळख व्हायला वेळ लागतो. शांत घर हवं.'

या देशात ही गोष्ट मोठ्या प्रमाणावरही घडलेली आहे. २००७ साली व्हर्जिनियात फुटबॉलपटू मायकेल विक याच्या जागेवर कुत्र्यांच्या झुंजींचा अड्डा उघडकीस आला. अशा कुत्र्यांना सरसकट मारून टाकायची तेव्हा रीत होती. पण या वेळी प्रत्येक कुत्र्याची वेगळी तपासणी झाली. त्यांतले बावीस युटातल्या कनाब इथल्या 'बेस्ट फ्रेंड्स'मध्ये गेले, आणि संस्थेचे चित्रकार सायरस मेहिया यांनी त्या बावीसही जणांची व्यक्तिचित्रं रंगवली. पुढे २०१४पासून न्यूयॉर्कमध्ये सोफी गमाँ या फ्रेंच छायाचित्रकार बाईंनी शेल्टरमधल्या पिट बुल कुत्र्यांना फुलांचे मुकुट घालून फोटो काढले. ज्यांच्या नुसत्या नावाने लोक दचकत, त्यांचे चेहरे लोक थांबून बघू लागले. 'पिट बुल' ही झाली जात. चेहरा मात्र एकेकाचा असतो.

बडीला दुसरं घर मिळायला दोन महिने लागले. हसऱ्या फोटोला चार दिवस पुरले होते! एक निवृत्त जोडपं आलं. बाई म्हणाल्या, "आमच्याकडेही फारसं कोणी बोलत नाही." बडी परत आला नाही.

तुमच्यापैकी अनेकांकडे चांगले कॅमेरे आहेत; दर दिवाळीला रांगोळीचे फोटो आम्ही पाहतोच! जवळच्या शेल्टरमध्ये विचारून बघा, बहुतेक ठिकाणी मदत हवी असते. जाताना खिशात खाऊ न्या. आणि पहिल्या दिवशी कॅमेरा घरीच ठेवा.

आई भारतात परतली. फोनवर जावयाची चौकशी नंतर करते, आधी विचारते, "आज कोणाचा फोटो काढलास? घाबरला नाही ना?"