सावलीतला सोनटक्का

(तुलसी नगर येथे गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



आम्हाला भाषणाची सवय नाही. डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलो, तेव्हापासून आमचं लिहिणं म्हणजे फायलीवरची टीप. पण मागच्या वर्षी आरतीच्या ताटात आमच्या अंगणातली पांढरी फुलं पाहून पुष्कळांनी विचारलं, "भोपाळमध्ये सोनटक्का? कुठून आणलात?" तेच सांगायला आज आम्हाला उभं केलं आहे.

कंद आणला रत्नागिरीहून, आत्याच्या विहिरीकाठचा, ओल्या गोणपाटात गुंडाळून. सोनटक्का आल्या-हळदीच्या कुळातला, त्यामुळे शेजारच्या भाभींनी अदरक समजून चहासाठी तुकडा मागितला होता!

पहिल्या वर्षी आम्ही तो फाटकाजवळ लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहावा ही हौस. पावसाळ्यात छान वाढला, पण मे महिन्याच्या उन्हाने पानं कडेपासून करपत गेली आणि सगळं झाड वाळलं. खणून पाहिलं तर खाली दोन कंद जिवंत होते. एक कुंडीत ठेवला, दुसरा मागच्या आंब्याखाली लावला. तिथे सावली होती, पण आपली काळी चिकट माती! जुलैत पाणी साचलं आणि कंद कुजला. दिवसभर दुसऱ्यांच्या नाल्यांचे उतार मोजणारे आम्ही, आणि स्वतःच्या वाफ्याला उतार द्यायला विसरलो. घरात अजून थट्टा होते.

तिसऱ्या वर्षी कुंडीतला कंद काढला. त्याच आंब्याखाली दीड फूट खणून काळ्या मातीत वाळू, कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा मिसळला. वाफा वीतभर उंच केला. कंद दोन बोटं खोल, आडवा लावला. सकाळचं कोवळं ऊन तासभर, नंतर दिवसभर सावली. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी पाणी घातलं आणि वर आंब्याच्या पानांचं आच्छादन केलं. कूलरच्या तळाचं पाणी मात्र कधी घातलं नाही. त्यात क्षार साठलेले असतात. झाड छातीएवढं झालं आणि ऑगस्टअखेर पहिली कळी आली.

फूल संध्याकाळी उमलतं आणि वास घरभर जातो. आमच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं; लहानपणी ती वेणीत माळायची. एक फूल दिवसभरच टिकतं, पण एका दांड्यावर बरेच दिवस नवी फुलं येत राहतात. फुलून गेलेला दांडा बुडापासून कापावा. तीनेक वर्षांनी गड्डा विभागावा, नाहीतर गर्दी होऊन फुलं कमी येतात.

नंतर कळलं की ज्याला आपण कोकणचं समजतो, ते या प्रदेशालाही परकं नाही. नर्मदेच्या उगमाजवळ, अमरकंटकला ज्याला गुलबकावली म्हणतात, ते हेच फूल. तिथे ते आता दुर्मीळ होत चाललं आहे. तिकडे त्याचा अर्क डोळ्यांसाठी विकतात, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोळ्यांत काही घालू नये. क्युबा देशाचं हे राष्ट्रीय फूल आहे. उलट ब्राझील आणि हवाई बेटांवर ते इतकं पसरलं की तिथे तण ठरलं. म्हणून एक विनंती: जास्तीचे कंद नाल्यात टाकू नका, माणसांना द्या.

आता मनातली गोष्ट. सोनटक्का आम्ही लावला, पण त्याला जगवलं आंब्याच्या सावलीने, आणि तो आंबा आम्ही लावलेला नाही. जुनी मंडळी ज्याला अजून 'बाराशे पन्नास' म्हणतात, त्या या वस्तीत आमच्याआधी राहून गेलेल्या कुणा कर्मचाऱ्याने तो लावला. त्याचं नावही आम्हाला ठाऊक नाही. जून २०२४ मध्ये तुलसी नगर आणि शिवाजी नगरातली सुमारे २९ हजार झाडं नव्या बांधकामासाठी जाणार, अशी बातमी आली. लोक झाडांना मिठ्या मारून उभे राहिले आणि तो प्रस्ताव मागे घेतला गेला. त्या दिवसांत आम्ही रोज संध्याकाळी आंब्याकडे पाहायचो. आंबा गेला असता तर सोनटक्का एका उन्हाळ्यात संपला असता.

क्वार्टर सरकारी. उद्या बदली होईल, परवा निवृत्ती. जाताना आम्ही निम्मे कंद बरोबर नेऊ, निम्मे इथेच ठेवू. पुढच्या जूनमध्ये गड्डा विभागणार आहोत. ज्यांना कंद हवा त्यांनी आरतीनंतर नाव सांगावं. अट एकच: तुमच्या अंगणात आधीच सावली असेल तर ती जपा, नसेल तर आधी एक झाड लावा आणि कंद काही वर्षांनी न्या. आम्ही तुमच्यासाठी राखून ठेवू.

गणपती बाप्पा मोरया!