ली हेजलवूड यांचे संगीत ऐकताना

अमेरिकेच्या ग्रामीण भागात गिटार आणि फिडलच्या साथीने रुजलेल्या गाण्याला तेथे 'कंट्री' म्हणतात, आणि या गाण्याला शहरी लोकप्रिय संगीताचा वाद्यमेळ मिळाला की ते 'कंट्री-पॉप' होते. ओक्लाहोमात जन्मलेले ली हेजलवूड (१९२९–२००७) हे या प्रवाहातील सर्वांत विक्षिप्त आणि सर्वांत मर्मज्ञ निर्माते होत. मंद्र सप्तकातला त्यांचा जाड, जवळजवळ बोलल्यासारखा आवाज प्रथम खटकतो. परंतु स्वरांभोवती मोकळी जागा कशी राखावी, याची त्यांना असलेली जाण असाधारण होती.

ड्वेन एडी यांची १९५८ सालची 'रिबेल राऊझर' ही गिटारची धून ऐकताना हे प्रथम ध्यानात येते. फिनिक्समधील स्टुडिओत प्रतिध्वनीसाठी वेगळी खोली नसल्यामुळे हेजलवूड यांनी बाहेर एक रिकामी टाकी ठेवून घेतली, तिच्या एका टोकाला ध्वनिवर्धक व दुसऱ्या टोकाला मायक्रोफोन बसवला, आणि टाकीवर बसणारी पाखरे हुसकावत ध्वनिमुद्रण केले; गिटारच्या खालच्या तारांना लाभलेली खोली त्या टाकीची आहे.

१९६६ साली नॅन्सी सिनात्रा यांनी गायलेले, हेजलवूड यांनी लिहिलेले 'दीज बूट्स आर मेड फॉर वॉकिन' अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचले. त्याच्या आरंभी डबल बास, म्हणजे उभे धरून वाजवायचे मोठे तंतुवाद्य, पायरीपायरीने न उतरता घसरत खाली येते, आणि गायिकेने तोंड उघडण्यापूर्वीच गाण्यातील उर्मटपणा प्रस्थापित होतो.

त्यांची कला कळसाला पोहोचते ती १९६७ च्या 'सम व्हेल्व्हेट मॉर्निंग' या द्वंद्वगीतात. पुरुषाचा भाग चार मात्रांच्या संथ चालीत आहे, तर ग्रीक पुराणकथेतील फेड्राच्या नावाने गाणाऱ्या स्त्रीचा भाग तीन मात्रांत झुलतो. शेवटी दोघांच्या ओळी झपाट्याने आलटूनपालटून येतात, तरी लय जुळत नाही. ही दोन माणसे एकाच जगात राहत नाहीत, हे शब्दांआधी ताल सांगतो. लोकप्रिय संगीतात इतके धाडस क्वचितच आढळते.

पुढे स्वीडनला जाऊन त्यांनी 'काउबॉय इन स्वीडन' (१९७०) हा चित्रपट आणि त्याच नावाचा अल्बम केला, मात्र मायदेशात ते बरीच वर्षे विस्मृतीत गेले. १९९९ पासून 'सॉनिक यूथ' या रॉक वृंदाचे ढोलवादक स्टीव्ह शेली यांनी त्यांचे जुने अल्बम पुन्हा प्रसिद्ध केले, आणि नव्या पिढीने त्यांना आपलेसे केले. नव्या श्रोत्याने आरंभ 'नॅन्सी अँड ली' (१९६८) या अल्बमपासून करावा, आणि पहिल्या खेपेस शब्दांकडे न पाहता केवळ मात्रा मोजाव्यात.