लाइट गेल्यावर कळलेली गोष्ट
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपण दहावी झालो तेव्हा आपण परभणी जिल्ह्यात होतो. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. शाळेत तेव्हा संगणक नव्हता. आज संगणक कक्ष आहे. त्याचीच एक गोष्ट सांगते. तीत चूक माझी आहे.

२०१९ च्या दिवाळीत मी पुण्याहून एस्प्रेसोबिन नावाचा छोटा बोर्ड आणला. मोबाइलमध्ये असतो तसा एआरएम प्रोसेसर आणि नेटवर्कची तीन पोर्टं: एक बाहेरच्या इंटरनेटसाठी, दोन आतल्या संगणकांसाठी. एकच जोडणी कक्षातल्या सगळ्या संगणकांना वाटून द्यायची, एवढंच काम.

मी त्याला स्क्रीन जोडली नव्हती, कीबोर्डही नाही. यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडायचं आणि टर्मिनलचा वेग १,१५,२०० ठेवायचा. आकडा चुकला की पडद्यावर नुसती खिचडी. वीज दिली की आधी यू-बूट जागा होतो. त्याला लगेच कळ दाबून थांबवायचं आणि सांगायचं, की मेमरी कार्डावर कर्नल कुठे आहे आणि 'डिव्हाइस ट्री' कुठली. डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डावर कोणता भाग कुठे बसवलाय याचा नकाशा. तो हातात दिल्याशिवाय लिनक्सला पुढची वाट दिसत नाही.

लिनक्स सुरू झालं, पण नेट चालेना. रात्री दोनला उलगडा झाला. बाहेर तीन पोर्टं दिसतात, पण लिनक्सला चार दिसतात. चौथं 'ईटीएच-झीरो', प्रोसेसर आणि आतल्या स्विचला जोडणारं. त्याला बाहेर केबल लागतच नाही. पण ते चालू केल्याशिवाय बाकीची तिन्ही मुकी. नव्या कर्नलमध्ये हे आपोआप होतं, माझ्या कर्नलमध्ये होत नव्हतं. एक आज्ञा दिली, नेट आलं. टाळ्या झाल्या, मी पुण्याला परतले.

आठवड्याने शाळेतून फोन. "ताई, लाइट जाऊन आली, तेव्हापासून नेट नाही." शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत दोन दिवसांवर आलेली. ती आज्ञा मी हाताने दिली होती, फाइलीत लिहिलीच नव्हती. लाइट गेली तशी तीही गेली. पासवर्ड माझ्याकडे, शाळेत साधा कागदसुद्धा नाही.

नववीतल्या एका मुलीने केबल जोडली. मी फोनवर सांगत गेले, ती पडद्यावरची ओळ न् ओळ वाचत गेली. पाऊण तासात नेट आलं, मग आम्ही ती आज्ञा फाइलीत लिहिली. शेवटी तिने विचारलं, "ताई, हे वहीत कुठं लिहून ठेवू?"

इतकी वर्षं इंजिनिअर असून हा प्रश्न मला सुचला नव्हता.

ती वही आज कक्षात आहे. पुढचं कार्ड मुलींनीच तयार केलं. मला फोन आला नाही, आणि त्याचाच आनंद जास्त झाला.

आपल्या औंढा नागनाथजवळ लायगोची वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. तिथे उद्या आपल्या मुली केवळ पाहुण्या म्हणून जाऊ नयेत. म्हणून एक विनंती. शाळेला काही भेट द्याल, तर सोबत एक वही द्या, आणि ती भरेपर्यंत एक दिवस जास्त थांबा.