आजींचा बाटली मसाला

आम्ही अंधेरीच्या मरोळ गावठाणातल्या बचत गटाच्या बायका. बोलायचं काम गटाने सहयोगिनीवर सोपवलंय, पण बोलणं आम्हा बाराजणींचं आहे. पूर्वी आम्ही तेराजणी होतो. तेराव्या म्हणजे आजी. निम्म्या बायका त्यांना आंटी म्हणायच्या, बाकीच्या आजी. गेल्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या. ऐंशी ओलांडली होती.

मुंबईत कसलं गावठाण, असं तुम्ही म्हणाल. मेट्रोचे खांब आणि काचेच्या इमारती मागे टाकून आत वळलं की अरुंद बोळ लागतात. जुनी कौलारू घरं, ओटे, तिठ्यावर चुना दिलेला क्रूस. मुंबईत असे क्रूस पुष्कळ आहेत. १८९६ मध्ये प्लेग आला, त्या काळात लोकांनी साथ टळावी म्हणून त्यातले बरेचसे उभारले. इथले मूळचे लोक कॅथलिक. आडनावं परेरा, डिमेलो, फर्नांडिस अशी, आणि घरात बोलतात मराठी. आपल्याहून थोडी वेगळी, पण मराठीच. वसई आणि साष्टीचा हा सगळा मुलूख सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेला, तेव्हा इथले शेतकरी, कोळी, कारागीर ख्रिस्ती झाले. या समाजाला ईस्ट इंडियन म्हणतात. राहतात पश्चिम किनाऱ्यावर आणि नाव पूर्वेचं! इंग्रजांच्या काळात गोव्याहून, मंगळूरहून ख्रिस्ती लोक नोकरीला यायला लागले. त्यांच्याहून आपण इथलेच, हे सांगायला १८८७ साली, राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, यांनी हे नाव घेतलं.

आजींना मात्र हा इतिहास कुणी विचारलेला आवडायचा नाही. "आम्ही गावातली माणसं, बाय. भात लावायचो," एवढंच म्हणायच्या. त्यांच्या लहानपणी इथं खरोखरच भातशेती होती. मग कारखाने आले, १९७३ साली सीप्झ आलं, शेतं गेली. सीप्झच्या आवारातच एक पडकं चर्च आहे, १५७९ साली बांधलेलं, संत जॉन बाप्तिस्ताचं. १८४०च्या सुमारास साथ आली, माणसं मरायला लागली, तेव्हा गावकरी ते सोडून मरोळला आले. आता छप्पर नाही, भिंतींवर झाडं उगवलीत. वर्षातून एकदा मे महिन्यात तिथं मिस्सा होते. आजी नवं लुगडं नेसून, गुडघे दुखत असले तरी, जायच्याच. एका वर्षी गटातल्या आम्ही चौघी बरोबर गेलो. ऊन मी म्हणत होतं. आजींनी चप्पल काढली आणि तापलेल्या दगडावर उभ्या राहिल्या. आम्ही सावली शोधत राहिलो.

त्यांची भक्ती अशीच होती, बोलून दाखवायची नाही. संध्याकाळी सात वाजता चर्चची घंटा झाली की हातातलं काम थांबायचं, मग गटाचा हिशोब अर्धवट का असेना. हप्त्याचे पैसे मोजता मोजता त्या थांबल्या की आम्हीही थांबायचो, आणि नंतर परत पहिल्यापासून मोजायचो. रविवारी सकाळी बैठक ठेवायची नाही, हा ठराव त्यांनीच करायला लावला. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत चाळीस दिवस मटण-मासळी बंद. त्या दिवसांत वाचलेले पैसे एका डब्यात टाकायच्या, ईस्टरला डबा कुणाला जायचा ते कधी सांगितलं नाही. आमच्यातल्या एकीच्या मुलाची फी भरायची राहिली होती, त्या वर्षी डबा कुठं गेला ते आम्हाला कळलं. त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे.

सप्टेंबरमध्ये वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा असते. त्या जत्रेला आपल्याकडचेही लोक मेणबत्त्या घेऊन जातात, हे तुमच्यातल्या काहींना माहीत असेल. तिथं जाताना आजी गटातल्या सगळ्यांची नावं घेऊन जायच्या. कुणाचं बाळंतपण, कुणाचं कर्ज, कुणाच्या नवऱ्याची दारू. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, म्हणजे नव्या भाताचा सण. भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यायचा. आजींचं शेत जाऊन पन्नास वर्षं झाली, तरी गोराईहून ओळखीच्या बाईकडून लोंब्या आणवायच्या. सून म्हणायची, शेत नाही तर लोंब्या कशाला? आजी म्हणायच्या, भात खातोस ना?

नाताळात त्यांच्या घरून नेवऱ्या, कलकल, खजुराच्या वड्या ताटात भरून गल्लीतल्या प्रत्येक घरी जायच्या. दिवाळीत आम्ही दिलेल्या फराळाचं ताट रिकामं परत द्यायचं नाही, म्हणून ते तोपर्यंत त्यांच्याकडेच राहायचं.

लग्न असलं की उंबराचं पाणी. लग्नाच्या आदल्या दिवशी बँड वाजवत विहिरीवर जायचं, पाणी आणायचं, त्यानं नवरा-नवरीला आंघोळ. आपल्याकडे हळद, देवक असतं त्याच्या जवळचं. धर्म बदलला तरी मांडव तोच राहिला, आम्हाला असं वाटतं. आता विहिरीवर जाळी आहे, नळाचं पाणी कळशीत भरून विहिरीभोवती फिरवून आणतात. आजींना ते पटायचं नाही, पण गाणी म्हणायला त्याच पुढे असायच्या.

आता मसाल्याकडे येतो, कारण खरं तर त्यासाठीच हे बोलणं आहे.

ईस्ट इंडियन घरात बाटली मसाला असतो. वीस-पंचवीस, कुणाकडे तीस जिन्नस. काश्मिरी आणि रेशमपट्टी मिरची, धणे, हळकुंडं, तीळ, खसखस, मोहरी, मिरी, लवंग, दालचिनी, वेलची, जायपत्री, जायफळ, नागकेशर, दगडफूल, त्रिफळ, शहाजिरं. शिवाय गहू आणि हरभऱ्याची डाळ, त्यानं रश्शाला दाटपणा येतो. एप्रिल-मेच्या उन्हात सगळं कडकडीत वाळवायचं, एकेक वेगळं भाजायचं. मग कांडपिणी यायच्या. दोघी-तिघी उखळाभोवती उभ्या राहून मुसळ आळीपाळीनं घालायच्या, चुकून दोघींचं एकदम पडलं तर हसं व्हायचं. मग मसाला गडद तपकिरी बिअरच्या बाटल्यांत काठीनं ठासून ठासून भरायचा. बाटली गडद अशासाठी की उजेडानं रंग उडू नये, आणि ठासायचं अशासाठी की हवा राहू नये. वर्षभर टिकतो.

प्रत्येक घरचं माप वेगळं, आणि ते बाहेर सांगत नाहीत. आजींचं माप मुठीत होतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्यांच्या नातीनं, ती बँकेत नोकरीला आहे, प्रत्येक मुठीखाली वजनकाटा धरला आणि लिहून घेतलं. आजी म्हणाल्या, "मूठ माझी, कागद तुझा." तो कागद त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलेला होता.

आजी गेल्यावर दिवाळीच्या सुमारास एका व्यापाऱ्यानं गटाला मोठी मागणी दिली. बाटलीवर आजींचा फोटो हवा, खाली "आजीच्या हातचा" असं छापायचं. आमच्यातल्या सातजणी हो म्हणाल्या. का नाही म्हणणार? कर्जाचे हप्ते डोक्यावर आहेत. पाचजणींना नको होतं. सून बैठकीला आली आणि सरळ म्हणाली, "ज्या हाताचा मसाला आहे तो हात मातीत आहे. मग हातचा कसला?" त्या दिवशी बैठक मोडली. दोघी एकमेकींशी महिनाभर बोलल्या नाहीत.

दोन नोव्हेंबरला मृतांचा दिवस असतो, कबरींवर फुलं, मेणबत्त्या लावतात. आम्ही बाराहीजणी गेलो होतो, अबोला धरलेल्या दोघीही. तिथं समेट झाला असं सांगितलं तर छान वाटेल, पण तसं काही झालं नाही. सून नुसती म्हणाली, जानेवारीत घरी या, बोलू.

जानेवारीत बसलो. तिनं कागद बाहेर काढला. पण त्यात भाजायचं काहीच नव्हतं, फक्त वजनं. मोहरी किती तडतडू द्यायची, हळकुंड कशात तळायचं, काय आधी, काय शेवटी, हे फक्त सुनेला माहीत होतं. तीस वर्षं चुलीपुढं तीच उभी होती. आम्ही सगळ्या कागदाच्या मागे लागलो होतो आणि ती इथंच बसलेली होती. मग ठरलं ते असं. कागद तिच्याच घरात राहील. भाजायचं काम ती करेल आणि त्याची वेगळी मजुरी घेईल, गटातल्या दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त. बाटलीवर फोटो नाही, आजींचं नाव नाही, नुसतं "मरोळ गावठाणाचा बाटली मसाला". पहिल्या घाण्यातल्या तीन बाटल्या विकायच्या नाहीत: एक चर्चमध्ये, एक वसईला दिलेल्या लेकीकडे, एक गोराईच्या लोंब्या देणाऱ्या बाईकडे. व्यापाऱ्याला हे चाललं नाही. तो गेला. सातजणींपैकी दोघींना अजून वाटतं की आपण नुकसान करून घेतलं, आणि त्या तसं बोलतातही.

आता आम्ही पन्नास किलोच करणार आहोत. अन्नसुरक्षेची नोंदणी झाली आहे. ती केल्याशिवाय तुम्हीही लोणचं-मसाला विकू नका, कुणी काही सांगो. जुन्या बाटल्या वापरणार नाही, नव्या गडद काचेच्या घेतल्यात. कांडपिणी मिळत नाहीत, डंकावर कुटणार. सुनेची अट आहे की ती डंकापाशी स्वतः उभी राहील आणि मसाला गरम झाला की मशीन थांबवायला लावेल.

आजी मिरचीत थोडी संकेश्वरीही घालायच्या. इथल्या बाजारात ती भेसळीची मिळते. तुमच्यापैकी कुठल्या गटाकडे स्वतःच्या शेतातली संकेश्वरी किंवा धणे असतील तर रेडिओ केंद्रावर निरोप द्या, भाव तुमचा ऐकून घेऊ. मिरची ओली नको, आणि देठासकट पाठवा. देठ आम्ही इथं बसून काढू.